आमच्या घरात मापत नसत

दूध मापायचं, तांदूळ मापायचा, माणूस मापायचा नाही. आमच्या आईचा हा कायदा होता आणि त्याला अपील नव्हतं. झोपलेल्या पोराला ओलांडायचं नाही, भिंतीला उभं करून रेघ मारायची नाही, दोघी बहिणींनी पाठीला पाठ लावून उभं राहायचं नाही. तसं उभं राहिलेलं दिसलं की आतून आवाज यायचाच, "पाठी कसल्या लावताय गो मेल्यांनो! वाढ खुंटेल!" आम्ही हसत बाजूला व्हायचो. पण आई हसत नसे. आमच्याआधी तिला एक मुलगा झाला होता, गावी, रत्नागिरीकडे. गुटगुटीत होता म्हणे. शेजारच्या काकीने त्याला मांडीवर घेऊन सुतळीने टाळूपासून टाचेपर्यंत मापलं आणि म्हणाली, "आमच्या नातवापेक्षा वीतभर जास्तच हो!" त्याच पावसाळ्यात तो तापाने गेला. ताप कसला होता हे कुणी विचारलं नाही. आईच्या लेखी त्याला त्या सुतळीने नेलं, आणि त्या 'पेक्षा'ने. तेव्हापासून तो शब्दच आमच्या घरातून हद्दपार झाला. मी गणितात चिमीपेक्षा हुशार, चिमी माझ्यापेक्षा गोरी, असलं काही कुणी पाहुणा बोलला तर आई त्याच्या हातात चहाचा कप ठेवून विषय बदलायची. त्यात साखर कमी असायची, हेही मी सांगून ठेवते.

आम्ही इंद्रलोकला राहायचो, भाईंदर पूर्वेला. नाव मोठं, खोली एक आणि स्वयंपाकघर. पप्पा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या पापण्यांवरसुद्धा काळा थर असायचा, आणि सगळ्या बिल्डिंगीला चकाचक डबे विकणाऱ्या धंद्यातला हा माणूस मोरीत अर्धा तास दगडाने कोपरं घासत बसायचा. आई घरी इमिटेशन दागिन्यांचं काम करायची. कानातल्यांत मणी ओवायचे, पक्कडीने तार वळवायची. दिवसभर त्या पक्कडीची टकटक, शेजारच्या भाभीकडच्या सिरियलचं रडणं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या. त्यातून आमच्याकडे कुळथाच्या पिठीचा नाहीतर सुकटीचा वास सुटला की भाभी धाडकन दार लावायची. भाभी गुजराती, पक्की शाकाहारी. पण सुकटीचा दिवस सोडला तर दोघींचं मेतकूट. आई तिच्याशी हिंदी बोलायची, म्हणजे मराठीलाच 'है' लावायची.

चिमी माझी धाकटी बहीण. खरं नाव वैशाली, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत. ती माझ्यामागे दोन वर्षांनी होती. शांत पोर. इतकी शांत, की आई चारचौघांत अभिमानाने सांगायची, "बारकीचा मला ताप नाही." बसेल तिथे बसून राहायची, सांगेल तेव्हा झोपायची, आणि उठवल्याशिवाय उठायची नाही. तोंड गोल, भरलेलं. मे महिन्यात आम्ही सगळे पंख्याखाली हाश्शहुश्श करत असताना ही चादर ओढून बसायची. आवाज जरा घोगरा. "गाणार ही, बघा," पप्पा म्हणायचे. आणि कपडे! तिच्यासारखे कपडे कुणी जपत नसे. माझ्या शाळेच्या निळ्या फ्रॉकची खालची दुमड आई दर जूनला उसवून सोडायची, त्यामुळे माझ्या घेरावर जुन्या दुमडींच्या गडद रेघा एकाखाली एक दिसायच्या. चिमीला मामाने दुसरीत असताना कापड दिलं होतं, त्याचा फ्रॉक चौथीतही अंगाला बसत होता, दुमड जशीच्या तशी. माझे लहान झालेले फ्रॉक आई धुऊन, इस्त्री करून, जुन्या साडीच्या गाठोड्यात माळ्यावर ठेवायची. "चिमीला होतील," म्हणायची. गाठोडं फुगत होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. आज माझ्या मुलीची बाही जरा आखूड दिसली की माझा जीव भांड्यात पडतो, तिला वाटतं आईला वेड लागलंय.

मी सहावीत गेले आणि इंग्रजीने माझी दाणादाण उडाली. शाळा मराठी, पण इंग्रजीचा पेपर काही मराठीत येत नसतो. मग पप्पांनी मला फिलोमिना टीचरांकडे लावलं. टीचर भाईंदर पश्चिमेकडच्या, समुद्रकाठच्या डोंगरी गावच्या. रोज बस बदलून इकडे यायच्या आणि त्यांच्या मावसबहिणीच्या तळमजल्यावरच्या खोलीत शिकवणी घ्यायच्या. इंग्रजी अगदी मडमेसारखं, आणि ते थांबलं की तोंडातून डोंगरीची बोली. "व्हॉट इज धिस? न्हाय कलत? मंग इचार ना!" मला त्या फार आवडायच्या. विशेषणांच्या तीन पायऱ्या त्यांनी आम्हांला शिकवल्या त्या मी अजून विसरलेले नाही. मराठीत उंच तो उंचच राहतो, बिचाऱ्याच्या शब्दाला काही होत नाही, पुढे 'पेक्षा' लावा नाहीतर 'सगळ्यांत' लावा. इंग्रजीत मात्र माणसाबरोबर शब्दही वाढतो. टॉल, टॉलर, टॉलेस्ट. आखूड शब्दाला शेपटी लावायची, लांब शब्दाला पुढे मोर नाहीतर मोस्ट जोडायचं, कारण, टीचर म्हणायच्या, "आधीच एवरा लांब, त्याला शेपटी झेपल का?" गुड मात्र आगाऊ, तो कपडेच बदलून बेटर आणि बेस्ट होऊन येतो. आणि 'दॅन' म्हटलं की समोर दुसरा माणूस उभा करायचाच, एकट्याला टॉलर होता येत नाही. मी हे ऐकत होते आणि पोटात गुदगुल्या होत होत्या. घरात ज्या शब्दाला बंदी, तो इथे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला.

गृहपाठ दिला तेव्हा कुणीतरी पुस्तकातली वाक्यं उतरवणार हे टीचरांना ठाऊक होतं. "हत्ती नको, घोडा नको," त्यांनी दम भरला. "हिमालय तू बघितलास? न्हाय ना? मंग त्याची उंची तुला काय करायची हाय? घरातली मान्सं घ्या. तीन जना उभे करा, मापा, आनि मंग लिवा." मापा. मी घरी आले ती हा शब्द जिभेखाली लपवून.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई मण्यांचा नवा माल आणायला गेली. मी विटेचा तुकडा घेतला आणि चिमीला जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये नेलं. तिसरी हवी होती म्हणून भाभीच्या पिंकीला हाक मारली. पिंकी दुसरीत, म्हणजे चिमीच्या दोन यत्ता मागे. वाक्यं माझ्या डोक्यात तयारच होती: पिंकी टॉल, चिमी टॉलर, मी टॉलेस्ट. नुसत्या रेघा मारायच्या बाकी होत्या. आधी पिंकीची मारली. मग चिमी उभी राहिली, आणि तिच्या डोक्यावर पाटी ठेवून मी रेघ मारली, तर ती खाली आली. पिंकीच्या रेघेच्या खाली. मला वाटलं माझंच चुकलं. "सरळ उभी राहा गं!" "उभीच आहे," चिमी म्हणाली. पुन्हा मारली. पुन्हा खाली. पिंकी टाळ्या पिटायला लागली, "मैं तो तुझसे भी लंबी! मैं तो तुझसे भी लंबी!" चिमीने टाचा उचलल्या. पिंकी ओरडली, "ए, चीटिंग!" चिमीने टाचा खाली ठेवल्या आणि जाऊन पायरीवर बसली. फ्रॉक गुडघ्यांवर ओढून घेतला, थंडी वाजल्यासारखा. तिचं ते बसणं मला आजही नको वाटतं आठवायला.

आणि नेमकी आई आली. दोन्ही हातांत पिशव्या. तिने आधी आम्हांला बघितलं, मग भिंतीवरच्या रेघा. पिशव्या खाली टाकल्या, मणी जिन्यावरून टणटण उड्या मारत तळमजल्यापर्यंत गेले, आणि एरवी एक मणी पलंगाखाली गेला तर झाडू घेऊन बसणारी माझी आई तिकडे ढुंकूनही न बघता पदराने ती भिंत पुसायला लागली. थुंकी लावून पुसली, पाणी आणून पुसली. मग माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी कळवळले. "मापलंस? माझ्या पोरीला मापलंस तू?" रात्रीची वाटही न बघता तिने मीठ, मोहरी, मिरच्या घेतल्या, चिमीवरून ओवाळल्या आणि तव्यावर टाकल्या. एरवी मिरची जळली की सगळा मजला खोकतो. त्या दिवशी आई तव्यावर वाकून वाट बघत राहिली. "बघ," ती पांढरी पडून म्हणाली, "ठसका नाही. लागलीय दृष्ट." मला मात्र नाकातोंडातून पाणी येत होतं. मी ते फ्रॉकला पुसलं.

शिकवणीला मी खरं तेच लिहून नेलं. दुसरं काय लिहिणार? "चिमी इज टॉल. पिंकी इज टॉलर दॅन चिमी. आय ॲम द टॉलेस्ट." टीचर म्हणाल्या, "व्हेरी गुड." मग विचारलं, "पिंकी कितवीला हाय?" "दुसरीला." "आनि चिमी?" "चौथीला." "मंग उलटं लिवलंस." "नाही टीचर, मापून लिहिलंय. दोनदा." टीचरांनी हातातला खडू खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी मला चिमीला घेऊन यायला सांगितलं. तिला समोर बसवून नाव विचारलं, अभ्यास विचारला, हात हातात घेतला. "एवरा गार?" म्हणाल्या. गळ्याला हळूच हात लावून बघितला, डोळ्यांखालची सूज बघितली, आणि तिला एक बिस्कीट देऊन परत पाठवलं. मला म्हणाल्या, "मी डॉक्टर न्हाय. पन आमच्या बाजूच्या चौक गावाला माझ्या भावाची पोर हाय, ती अशीच थांबली होती. तुझ्या आईशी बोलाया पायजे."

आणि त्या खरंच आमच्या घरी आल्या. आईने पाणी दिलं, बसा म्हटलं, आणि विषय निघाल्यावर तिचा चेहरा दगड झाला. "तुम्हीच मापायला लावलंत ना?" "हो, मीच." "आमच्या घरात मापत नाहीत, टीचर. तुमच्यात दृष्ट मानत नसतील, आमच्यात मानतात." टीचर शांतपणे म्हणाल्या, "मानतो ना, बाई. मिरच्या आमी पन जाळतो. मिरच्या पन जाळ, आनि पोरीला डॉक्टरकडे पन ने. तिची वाढ थांबली हाय." झालं! 'थांबली' हा शब्द आईच्या घरात, आईच्या तोंडावर. ती उठली आणि तिने दार उघडं धरलं. "उद्यापासून मनीषा शिकवणीला येणार नाही." टीचरांनी पर्स उचलली, चपला घातल्या, आणि जाताना चिमीच्या डोक्यावरून हात फिरवायला गेल्या, तर आईने चिमीला मागे ओढलं.

पप्पांना सांगितलं तर ते मोरीतूनच म्हणाले, "आमच्याकडे सगळे ठेंगणेच. आत्याला बघ." आत्या ठेंगणी होती, गोष्ट खरी. त्या आधारावर आमच्या घराने जवळजवळ वर्ष काढलं. गणपती झाले, दिवाळी झाली. चिमीच्या उशाखाली लिंबू, गळ्यात काळा दोरा, शनिवारी मारुतीला तेल. आई मणी ओवता ओवता मधेच थांबायची आणि चिमीकडे टक लावून बघायची, आणि मी बघतेय असं दिसलं की खेकसायची, "अभ्यास कर!" पिंकी वाढत होती. आई तिला दारात उभी करेना. भाभीशी असलेलं मेतकूटही आटलं. भाभीला बिचारीला कळेना सुकट न शिजवताही आमचं दार का बंद.

मग जून आला. चिमी पाचवीत जाणार होती आणि तो मामाच्या कापडाचा फ्रॉक अखेर काखेत विरला, शिवायलाही जागा उरली नाही. आईने माळ्यावरून गाठोडं काढलं. खूश होती. "बघ, म्हणून जपून ठेवते मी," म्हणाली. मी पाचवीत घातलेला फ्रॉक तिने चिमीच्या गळ्यात घातला. तो पोटऱ्यांच्या खाली गेला, बाह्या कोपरापर्यंत आल्या. आई हसली, "जरा मोठाच होतो गो." तो काढला, चौथीतला घातला. गळा खांद्यावरून ओघळला. आईने पिना लावून बघितल्या, मग काढल्या. तिसरीतला घातला. त्याचा घेर चिमीच्या गुडघ्यांच्या पार खाली लोंबत होता. चिमी बाहुलीसारखे हात वर करत होती, खाली करत होती. आई आता हसत नव्हती. मला एकदम कळलं की आई मापतेय. विटेचा तुकडा नाही, सुतळी नाही, पण एक एक फ्रॉक घालून ती आपल्या पोरीला मापत होती, आणि गाठोडं संपत आलं होतं. शेवटी तिने तो विरलेला फ्रॉकच पुन्हा चिमीला चढवला. तो बसला. अगदी मापात बसला. आई फरशीवर फ्रॉकांच्या ढिगाऱ्यात मटकन खाली बसली. "आई, हाच बरा आहे," चिमी तिच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी जपून घालेन." आईने तिला पोटाशी धरलं आणि जी रडायला लागली, की भाभी धावत आली, "क्या हुआ? क्या हुआ?" आणि आईला हिंदीत सांगता येईना, मराठीतही येईना.

दुसऱ्या दिवशी आई शिकवणीच्या दारात जाऊन उभी राहिली, सगळ्या मुलांसमोर. मी तिच्यामागे, चिमी माझ्यामागे. मला वाटलं आता टीचर दोन शब्द ऐकवतील, आणि ऐकवले असते तर मला बरंच वाटलं असतं. आई म्हणाली, "टीचर, कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं?" टीचरांनी मुलांना पाढे लिहायला दिले, इंग्रजीच्या शिकवणीत पाढे, आणि म्हणाल्या, "थांब, चप्पल घालते."

डॉक्टरांनी विचारलं, "मुलगी शेवटची कधी वाढली? मागच्या वर्षी उंची किती होती?" आई म्हणाली, "आम्ही मापत नाही." डॉक्टर चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिले. मग आईने पिशवीतून तो फ्रॉक काढून त्यांच्या टेबलावर पसरला, दुमड वर करून दाखवली. "दुसरीपासून हा घालते. ह्याची दुमड मी सोडलेली नाही." रक्त तपासलं. गळ्यातली ग्रंथी काम करत नव्हती, थायरॉइड; बारीकशी गोळी, रोज सकाळी उपाशीपोटी, जन्मभर. एवढंच? मी मनात म्हटलं. एका गोळीसाठी एवढं? पण डॉक्टर पुढे म्हणाले, "आधी आणलं असतं तर बरंच भरून निघालं असतं. आता जेवढं होईल तेवढं." त्यांनी रागाने नाही म्हटलं. पण ते वाक्य आईने जे उचललं, ते पुन्हा कधी खाली ठेवलं नाही.

गोळीने चिमी जागी झाली. मला दुसरा शब्द सुचत नाही. चादर गेली, सूज उतरली, आणि आमची शांत पोर अशी काही भांडायला लागली की पिंकीची दोनदा वेणी उपटली. वाढलीही. माझा तिसरीतला फ्रॉक तिला झाला, मग चौथीतला. पाचवीतला झाला तोवर तिच्या वर्गातल्या मुली पंजाबी ड्रेस घालत होत्या. आणि मग ती थांबली. ह्या वेळी खरोखरीची. लोक बोलायचे ते बोललेच. लग्न ठरताना बोलले, अजूनही रिक्षावाला तिला "बेटा" म्हणतो आणि ती त्याला काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती औषधांच्या दुकानात काउंटरला असते आणि स्टुलावर चढून वरच्या फळीवरचं सगळं काढते. आई मात्र तिच्याशेजारी कधी उभी राहिली नाही. कुठल्याही लग्नातला फोटो काढा, आई खुर्चीवर बसलेली आणि चिमी मागे उभी. फोटोग्राफरला आई आधीच सांगायची, पाय दुखतात. पाय ठणठणीत होते.

आता आई थकली. मणके दबलेत, पाठीत वाकलीय, पक्कड सुटली. मागच्या महिन्यात पिंकीच्या घरभरणीला जायचं होतं. चिमी आईच्या पदराला पिन लावत होती, मी आपली घाई करत होते. दोघी कपाटाच्या आरशासमोर होत्या. आई आरशात दोघींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मने, इकडे ये. माप."

"काय?"

"आम्हांला माप गो. दोघींना." आणि चिमीला धरून तिने स्वतःच तिच्या पाठीला पाठ लावली.

"आई, सरळ उभी राहा," चिमी म्हणाली. "नाहीतर चीटिंग होईल."

"सरळच आहे मी. आता एवढीच सरळ होते." मी तळहात आडवा धरून दोघींच्या डोक्यांवरून फिरवला. आईच्या पांढऱ्या केसांवरून तो चिमीच्या डोक्याला अडला. "कोण?" आईने विचारलं.

"चिमी."

"कितीने?"

"बोटभर."

"तसं नको. टीचर शिकवायच्या तसं सांग."

मी तळहात तसाच धरून सांगितलं. "चिमी इज टॉलर दॅन आई."

आई वळली. आपल्या पोरीकडे खालून वर बघितलं, दोन्ही हात तिच्या तोंडावरून ओवाळून आपल्या कानशिलांवर नेले आणि कडाकडा बोटं मोडली.